सहाचे सात

भाचीचा फोन आपल्याकडे रात्री साडेनवाला येतो. तेव्हा तिच्याकडे, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला, दुपारचे बारा वाजलेले असतात आणि ती डबा खात खात बोलते. नोकरी सांभाळून तिने ऑनलाइन दुकान थाटलंय: दारावरची तोरणं, मोत्यांच्या नथी, पैठणीच्या काठाचे बटवे. माल बराचसा संभाजीनगर आणि पैठणहून जातो. परवा तिने महिन्याच्या हिशेबाचं पान मला वाचून दाखवलं. ओहायोतल्या कुणा बाईने ४० अमेरिकी डॉलरचं तोरण घेतलं होतं. भाचीचं खातं कॅनडाच्या डॉलरमध्ये. म्हणून ज्या कंपनीच्या बाजारात तिचं दुकान आहे, त्या कंपनीने ते डॉलर बदलून दिले आणि बदलण्याचे अडीच टक्के ठेवून घेतले. चाळिसांतला एक डॉलर गेला. विक्रीची दलाली त्याहून वेगळी.

"मामा, बदललं काय हो त्यांनी? आकडाच तर बदलला."

"बट्टा आहे तो, बाई."

"बट्टा? नावाला लागतो तो?"

"आधी नाण्याला लागायचा. नावाला नंतर लागला."

तिला हसू आलं, पण मी गंमत करत नव्हतो. एका नाण्याचं दुसरं नाणं करून देताना जी कपात व्हायची, तिला बट्टा म्हणायचे. आपली भाषा तर सराफाच्या पेढीवरच बसून मोठी झाल्यासारखी आहे. माणूस खणखणीत वाजवून घ्यायचा, कारण खोट्या नाण्याचा आवाज बद्द येतो. कसर लागते आणि ती भरून काढावी लागते. चेक वटतो. अकरावी कॉमर्सच्या पोरांना जमाखर्चात 'वटाव' शिकवतात. तो आणि बट्टा मला एकाच घरातले वाटतात. गाजलेल्या नटाला आपण 'चलनी नाणं' म्हणतो आणि ते कौतुक समजतो. मोगलांच्या काळच्या सराफाला मात्र त्यात कौतुक दिसलं नसतं. त्याच्या लेखी चालू वर्षाचा कोरा रुपया तो 'सिक्का', आणि मागच्या वर्षांचा, हातोहात फिरून झिजलेला तो 'चलनी'. चलनीला बट्टा लागायचा.

माझ्यासारख्या गंगापूरच्या माणसाला तर हे सगळं घरचंच वाटायला हवं. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. आम्ही तिला गंगा म्हणतो. गावाचं नाव त्यातूनच आलं. कायगावच्या पुलावर उभं राहिलं, की पलीकडे टोके आणि प्रवरासंगम दिसतात, सिद्धेश्वराचं देऊळ दिसतं. पावसाळा बरा झाला असेल तर नाथसागराचं पाणी इथवर फुगलेलं असतं. पूल ओलांडला की नेवासे तालुका, अहिल्यानगर जिल्हा. आज एवढंच बदलतं. १९४८ पर्यंत इथे राज्य बदलायचं, अलीकडे निजामाचं आणि पलीकडे इंग्रजांचं, शेवटचं वर्षभर भारताचं. सन बदलायचा, कारण अलीकडे कागदोपत्री फसली सन चालायचा. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा अंमल सुरू व्हायचा. आणि रुपया बदलायचा.

अलीकडच्या रुपयाचं नाव हाली सिक्का. 'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. आपण रोज वापरतो तो 'हल्ली' त्याच अरबी 'हाल'पासून आलाय. म्हणजे हल्लीचा शिक्का. पलीकडचा तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठाला दाते असलेला तो कलदार. सरकारी दर होता शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कारकुनी विक्षिप्तपणा वाटला होता. मग त्याला सहाने भाग दिला, सातने गुणून पाहिलं आणि उलगडा झाला. सहा कलदाराचे सात हाली, इतकं सरळ ते गणित. एका कलदाराचा एक रुपया दोन आणे आठ पै. बैलजोडी पलीकडे १२० कलदाराला ठरली, तर घरातून १४० हाली काढायचे. ज्याला अपूर्णांक येत नव्हता त्यालाही सहाचे सात येत होते.

सहाचे सातच का, याचं उत्तर चांदीत आहे. इंग्रजी रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. निजामाचा हाली, म्हणजे उस्मानिया, रुपया ११.१८ ग्रॅमचा, आणि चांदी शेकडा ८१.८. गुणाकार करून बघा. कलदारात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम भरते, हालीत ९.१४. आता १०.६९ला ९.१४ने भागा. शंभर कलदाराइतकी चांदी गोळा करायला जवळजवळ ११७ हाली लागतात. म्हणजे त्या दराच्या मुळाशी कुणाची मेहेरबानी नव्हती आणि लबाडीही नव्हती. फरक तागडीत टाकून दाखवता येत होता. पूर्वीच्या बट्ट्याला निदान हा एक आधार होता, आणि पुढचं सगळं सांगताना मी तोच धरून चाललोय.

पण हाली आणि कलदार ही तशी अलीकडची पिढी. घराणं जुनं आहे.

आमच्या शेजारी दौलताबाद आहे, त्यामुळे सुरुवात तुघलकापासून करणं भाग पडतं. मुहम्मद तुघलकाने १३२९-३०च्या सुमारास पितळेचा आणि तांब्याचा टंका काढला आणि हुकूम सोडला, की हा चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्या. दौलताबादच्या टांकसाळीचे असे टंके आजही संग्रहालयांत आहेत. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. घरोघर टांकसाळी निघाल्या. तीन वर्षांच्या आत सुलतानाने हार मानली आणि लोकांनी आणलेल्या पितळेच्या बदल्यात खजिन्यातून खरं नाणं मोजून दिलं. तुघलकाला वेडा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र त्याच्या या शेवटच्या कृतीचं नवल वाटतं. बट्टा न कापता पितळेचे सोळा आणे देणारा राज्यकर्ता इतिहासात सहसा भेटत नाही. त्या उदारपणापायी खजिना खंगला, हेही खरं.

मोगल आले तेव्हा औरंगाबादेला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, टांकसाळ बसली आणि तिथल्या नाण्यांवर गावाचं दरबारी नाव उमटू लागलं: खुजिस्ता बुनियाद, शुभ पायाचं नगर. हे नाव लोकांच्या तोंडी कधी रुळलं असेल असं वाटत नाही, पण रुपयावर ते राहिलं. पेशवाईत मग नाण्यांना ऊत आला. जिथे सरदार तिथे टांकसाळ, आणि जिथे सरदार नाही तिथे परवाना घेतलेला सावकार. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिक-नगरकडे चांदवडी, वऱ्हाडातून येणारा नागपुरी, आणि आमच्याकडे गोविंदबक्षी, दिवाण चंदूलालाचा भाऊ राजा गोविंदबक्ष याच्या नावाचा. दोन दिवसांच्या वाटेवर माणसाच्या कमरेच्या कशात तीन प्रकारचे रुपये जमायचे. सारा भरताना सरकार एकच नाणं धरायचं आणि बाकीच्यांवर बट्टा लावायचं.

मग कोणता रुपया कितीचा, हे ठरवणारा माणूस लागायचाच. गावात तो पोतदार, बहुतेक वेळा सोनारच. सारा कचेरीत जाण्याआधी प्रत्येक नाणं त्याच्या बोटांखालून जायचं. नाणं दगडावर टाकायचं, आवाज ऐकायचा, काठावर नख फिरवायचं, शंका आली तर कसोटीवर घासायचं. पटलं की एक बारीक ठोका मारून खूण उमटवायची. जुन्या रुपयांवर चंद्रकोर, फूल, टिंबं अशा ठोक्यांची गर्दी दिसते, त्या या खुणा. नाणं किती हातांतून पारखून गेलं ते त्या खुणा सांगतात. आजच्या भाषेत ती पडताळणी होती, आणि पडताळणारा आपला मेहनताना बट्ट्यात धरायचा. पोतदार, पोतनीस, पारख, सराफ ही आडनावं आपल्याकडे उगाच आलेली नाहीत.

सराफ साव होता असं मात्र म्हणणार नाही. दर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरायचा. सराफ-दलालांची आपसात बोलायची आकड्यांची गुप्त भाषा होती. सौदा उपरण्याखाली बोटं दाबून व्हायचा आणि समोर बसलेल्या कुणब्याला उपरणं तेवढं हलताना दिसायचं. दूरगावी पैसा न्यायचा तर हुंडी. ती दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर मुदतीनंतर, आणि दोन्हीवर हुंडणावळ. औरंगाबादेत भरून पुण्यात उचललेल्या रकमेत हुंडणावळ गेली, वर नाणं वेगळं म्हणून बट्टाही गेला. भाचीच्या हिशेबाच्या पानावर जे दोन आकार एकाखाली एक दिसतात, ते हेच दोघे भाऊ.

या घराण्यातलं सगळ्यात चमत्कारिक पात्र औरंगाबादचंच आहे. पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी, मूळचे तारापूरचे पारशी. वऱ्हाडातला कापूस मुंबईला नेण्याच्या धंद्यात ते शिरले, निजामाच्या मुलखात पेढ्या घातल्या आणि दरबाराला कर्जं देऊ लागले. १८३०च्या दशकात औरंगाबादची टांकसाळ पेस्तनजींच्या हाती होती. तिथून निघालेल्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणू लागले. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही यांच्या रांगेत पेस्तनशाही! सैन्य नाही, गादी नाही, फक्त पेढी. पुढे दरबाराशी बिनसलं, कर्जाच्या बदल्यात लावून दिलेला मुलूख काढून घेतला गेला, दाद मागूनही मिळाली नाही आणि पेढी बसली. नाणी तेवढी राहिली. खाजगी कंपनीने बाजार चालवावा, पैसा आपल्याच पाकिटातून फिरवावा आणि बदलण्याचा दरही आपणच लावावा, हे भाचीला नवं वाटतं. औरंगाबादला ते नवं नाही.

इकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया लागू केला. ते इतर नाण्यांचं मरण होतं. एकसारखा, यंत्रावर पाडलेला, काठ कातरला तर लगेच कळेल असा तो रुपया. सराफाची निम्मी विद्या त्यामुळे कामातून गेली. चांदवडी, अंकुशी ही नाणी हळूहळू आटणीत गेली आणि कलदारच उरला. हैदराबादेत मात्र निजामाने आपला रुपया सोडला नाही. १८५७नंतर दिल्लीचा बादशहाच राहिला नाही, तेव्हा नाण्यावरचं त्याचं नाव काढून त्या जागी आसफजाही नाव आलं, आणि दिवाण पहिल्या सालारजंगाच्या कारभारात ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून हाली सिक्का रुजवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या टांकसाळीत नवी यंत्रं बसली आणि रुपयावर चारमिनार आला. त्याच्या कमानीत एक अरबी अक्षर असतं. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. आमच्याकडचे म्हातारे नाणं हातात घेतलं की आधी कमानीत बघायचे.

दर मात्र कायम सहाचे सात राहिला नाही. १८९३ साली इंग्रजांनी टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, तेव्हा कलदाराची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली. हाली चांदीला बांधलेला, आणि चांदी जगभर उतरत होती. हाली घसरत गेला. पुढे कॅसन वॉकर निजामाचं अर्थखातं सांभाळत असताना खजिन्याने मध्ये पडून दर ठरावीक पट्ट्यात धरून ठेवण्याची व्यवस्था बसवली. तरी बाजारात तो हंगामाप्रमाणे हलायचाच. कापूस बाजारात आला की मुंबईकडचे व्यापारी कलदार घेऊन यायचे. शेतकऱ्याला द्यायला हाली लागायचे, म्हणून हाली चढायचा. हंगाम सरला की उतरायचा. मनमाडहून औरंगाबादवरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० साली आली आणि आमच्या तालुक्यात लासूरला स्टेशन झालं. त्यानंतर ही ये-जा वाढलीच. शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो तेव्हाच त्याचा रुपया तेज असावा, ही या कहाणीतली एकमेव गोष्ट जी त्याच्या बाजूने होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नसणार.

पहिल्या महायुद्धात चांदी मिळेनाशी झाली. १९१८ साली हैदराबादला कागदी नोटा काढायची परवानगी मिळाली. आधी दहाच्या आणि शंभराच्या, पुढच्या वर्षी एकाच्या आणि पाचाच्या, आणि १९२६मध्ये हजाराच्या. नोटेवर मजकूर उर्दूत आणि किंमत मराठी, तेलुगू, कानडीतही लिहिलेली. निजामाच्या राज्यात मराठी शाळा काढायच्या तर यातायात होती, पण नोटेवर मराठी होती. पैशाला गिऱ्हाइकाची भाषा बोलावीच लागते. पुढे त्या नोटा छापायला लागल्या नाशिकला, म्हणजे पलीकडच्या मुलखात. १९४२ला हैदराबाद स्टेट बँक निघाली आणि चलनाचा कारभार तिच्याकडे गेला. मराठवाड्यात अनेक घरांतलं पहिलं पासबुक याच 'हैदराबाद बँके'चं. ती २०१७मध्ये स्टेट बँकेत विरून गेली, तरी आमच्याकडे जुनी माणसं अजून 'हैदराबाद बँकेत जाऊन येतो' म्हणतात.

चलनाचा नियम भांडणाला कारण कसा होतो, ते १९४७ला दिसलं. २९ नोव्हेंबरला दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन फर्मानं काढली. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंधन घातलं आणि दुसऱ्याने भारताचा रुपया हैदराबादेत अवैध ठरवला. वर पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. दिल्लीच्या तक्रारींच्या यादीत या गोष्टी अगदी वर होत्या. सरहद्दीच्या गावाला त्याचा अर्थ वेगळाच होता. नदीपलीकडचा पैसा काल सहाचे सात होता, आज तो घरात सापडला तर गुन्हा. त्याच सुमारास सरहद्दीवरच्या शिबिरांतून मुक्तिसंग्रामाचे लोक आत येत होते आणि करोडगिरीचे नाके जाळत होते. जकात आणि चलन, राज्य कुठे संपतं ते माणसाला या दोनच गोष्टी रोज सांगायच्या.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. रुपया मात्र एका दिवसात बदलत नाही. १९५०ला भारताचा रुपया हालीच्या जोडीला आला, दर तोच, सात हालीचे सहा. कागदोपत्री तो उलटा लिहायचे: शंभर हालीचे ८५ रुपये ११ आणे ५ पै. १९५१पासून हाली काढणं थांबलं आणि १९५९ला त्याची उरलीसुरली मान्यताही गेली. ज्या मास्तरचा पगार सत्तर हाली होता त्याला साठ मिळू लागले. दराच्या हिशेबाने त्याचं काही गेलं नव्हतं. पण आजोबा सांगायचे, की एक आण्याचा चहा नव्या पैशातही एक आण्यालाच राहिला. बाजाराने सहाचे सात फक्त एका दिशेने ऐकलं.

दोन रुपयांची सरहद्द मिटली, पण बट्टा मिटला नाही, तो फक्त लांब गेला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन ही सरकारची वस्तू झाली. १९७३च्या कायद्याखाली चार डॉलर घरात ठेवले तर संशय यायचा. २०००च्या जूनपासून फेमा हा नवा कायदा आला आणि हवा बदलली. गंगापूर तालुक्यातच वाळूजला औद्योगिक वसाहत झाली, बजाजचा कारखाना १९८५ला सुरू झाला, त्याच्या मागे सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली, आणि ज्या वाटेने कलदार यायचे त्याच नगर रस्त्यावरच्या बँकांत डॉलर-युरोची बिलं वटू लागली. वाळूजचा निर्यातदार 'आज टीटी बाइंग काय आहे?' असं विचारतो, तेव्हा तो सराफाला भावच विचारत असतो. बँक घेताना एक दर लावते, देताना दुसरा. मधलं अंतर तिचं. त्यावर जीएसटी कायद्याने आणखी एक पायरी चढवलीय. एक लाखापर्यंत चलन बदललं तर रकमेच्या एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, ही बदलण्याच्या सेवेची किंमत मानायची आणि तिच्यावर १८ टक्के कर घ्यायचा. तीन हजार बदलले तरी ४५ रुपये. बट्ट्यावर कर बसवायची ही युक्ती करोडगिरीवाल्यांना सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता भाचीकडे येतो, कारण तिचं दुखणं नुसतं अडीच टक्क्यांचं नाही. तिचा एकच डॉलर दोन वेळा बदलतो. ओहायोची बाई अमेरिकी डॉलर देते, त्याचे कॅनडाचे होतात, एकदा बट्टा. मग ती संभाजीनगरच्या नथवाल्याला पैसे पाठवते. कॅनडाचा डॉलर आणि आपला रुपया यांचा थेट सौदा फारसा होत नाही. बँका अमेरिकी डॉलर मध्ये धरून दर काढतात. म्हणजे ज्या डॉलरमधून पैसा निघाला त्यालाच वळसा घालून तो रुपयात येतो, आणि दुसऱ्यांदा बट्टा. अमेरिकी डॉलरचं खातं उघडून त्यातच रक्कम घेतली आणि त्यातूनच नथवाल्याचे पैसे दिले, तर एक बट्टा वाचतो. मी तिला तेच सुचवलं. गंगापूरचा जो व्यापारी पलीकडच्या बाजारात विकून तिथेच खरेदी करायचा आणि कलदाराचे हाली करायच्या भानगडीत पडायचा नाही, त्याने तिला वेगळं काय सांगितलं असतं?

दुसरी अडचण कराची. कॅनडाचं कर खातं म्हणतं, हिशेब कॅनडाच्या डॉलरमध्ये दाखवा. चार तिमाहींत ३०,००० डॉलरची विक्री ओलांडली की तिकडचा जीएसटी लागू होतो, आणि तो आकडाही त्यांच्याच डॉलरमध्ये मोजायचा. दर कोणता धरायचा? सर्वसाधारणपणे बँक ऑफ कॅनडाचा त्या दिवसाचा. २०१७पासून ती बँक रोज दुपारी साडेचारपर्यंत प्रत्येक चलनाचा एकच दर जाहीर करते. घेण्याचा निराळा, देण्याचा निराळा असं काही नाही. आणि बँकच सांगते, की हा दर माहितीपुरता आहे, या दराने आम्ही कुणाला बदलून देत नाही. मला लगेच ११६-१०-८ आठवला. जो दर कागदावर असतो तो हातात पडत नाही. कागदावरचा आणि हातातला यांच्यातलं अंतर खर्ची टाकायचं, हे मात्र भाचीला तिच्या हिशेबनीसाने आधीच सांगितलं होतं. तिथे माझी मातबरी संपली.

कॅनडालाही हे नवं नाही, बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्याकडे अमेरिकी चांदीची नाणी इतकी साठली, की लोक वैतागले. बँका ती दर्शनी किमतीला घेत नसत आणि दुकानदार बट्टा कापूनच मोजत. मजुरी चांदीत मिळायची आणि किराणा घेताना तीच चांदी कमी भरायची. १८७०ला फ्रान्सिस हिंक्स या त्यांच्या अर्थमंत्र्याने ही नाणी गोळा करून देशाबाहेर पाठवायची मोहीम काढली, आणि सुट्ट्यांची चणचण पडू नये म्हणून २५ सेंटच्या चिमुकल्या कागदी नोटा काढल्या. ओहायोच्या पैशावर ब्रॅम्प्टनच्या बाजूला बट्टा लागतो, तो भाचीच्या दीडशे वर्षं आधीही लागत होता.

"पण तेव्हा निदान चांदी तरी होती," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या त्या एका डॉलरमागे कसोटी नाही, झीज नाही, करोडगिरीचा नाका चुकवून आणलेली थैली नाही. कुणी नख फिरवलं नाही. दराच्या पोटात तो बट्टा आधीच मिसळलेला होता आणि वर अडीच टक्के वेगळे लिहिलेले. वेगळे लिहिले होते म्हणून तर तिला दिसले. उपरण्याखालचं उपरणं कुणी बघितलंय?

मागच्या आठवड्यात आजोबांची जर्द्याची डबी घेऊन मी गंगापुरातल्या एका सोनाराकडे गेलो. डबीत दोन रुपये आहेत. एक पंचम जॉर्जचा कलदार, एक चारमिनारचा, कमानीत ऐन. विकायचे नव्हते, भाचीला फोटो पाठवायचा होता. सोनाराने दोन्ही काट्यावर ठेवले. कलदार ११.५२, हाली ११.०३. झिजलेत. मग त्याने दोन्ही टिचकी मारून काचेवर वाजवले, काटा बरोबर असूनही. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मशीन सांगत असताना वाजवता कशाला, असं विचारलं तर म्हणाला, बापाची सवय.

"कलदार दिलात तर लगेच घेतो. हालीला मात्र बट्टा लागंल."

"किती?"

"चांदीच कमी हाये त्यात. सहाला सात धरत्यात."

तो तिशीचा असेल. सहाला सात म्हणजे काय, हे त्याला विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही, दुकानात असंच म्हणतात. नाणी परत देताना त्याने कागदाच्या दोन पुड्या बांधल्या. "एकात ठेवू नका," म्हणाला, "आटवताना गफलत होती."